छोट्या गेटला कुलूप

मंगळवार, रात्र

आज सकाळी झेरॉक्सच्या दुकानाचं शटर वर केलं तर समोरच्या शिक्षणसंस्थेच्या छोट्या गेटला कुलूप. आधी वाटलं वॉचमन काका उशिरा आले असतील, ते रोज पावणेनऊला गेट उघडतात आणि पहिला चहा मावशींच्या गाड्यावरच घेतात. पण नऊ वाजले, सव्वानऊ झाले, पोरं आतून यायची, कुलूप हलवून बघायची आणि परत फिरायची. शेवटी काका आतूनच बोलले, आता हे बंदच राहणार, वरून सांगितलंय, सगळ्यांनी मेन गेटने ये-जा करायची. मेन गेट हायवेच्या बाजूला. म्हणजे पोराला एक कागद झेरॉक्स करायचा असला तरी आख्ख्या भिंतीला वळसा घालायचा, यायला दहा-बारा मिनिटं आणि जायला तेवढीच, आणि आपल्या सोलापूरचं ऊन, कोण येतंय त्यात.

संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथली निम्मी माणसं माझी गिऱ्हाईकं आहेत, काही सर तर हे दुकान टाकणाऱ्या आमच्या अण्णांना काका म्हणायचे, आणि मला भांडण नकोय, बोलणं हवंय. पण दिवसभर जे डोक्यात घोळतंय ते लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

कारण सगळ्यांना माहितीय. कॉलेजांचा दर्जा तपासणारी नॅकची टीम यायची आहे. भिंती रंगवून झाल्या, कुंड्या आल्या, आणि गेटसमोरची आमची लाईन म्हणजे झेरॉक्स, चहाचा गाडा, वडापाव, मोबाईल रिचार्ज, पंक्चरवाला, एवढं सगळं बाहेरून येणाऱ्या माणसाला बरं दिसत नाही. त्यात आत टेंडर काढून एक स्टोअर सुरू झालंय, तिथे झेरॉक्स पण आहे आणि बाइंडिंग पण. टेंडर भरायला डिपॉझिट, तीन वर्षांचा टर्नओव्हर, कसले कसले सर्टिफिकेट. आमच्या लाईनमधलं कोण भरणार ते? मी वाचून बघितलं होतं, दुसऱ्याच पानावर थांबलो.

त्यांचं सगळंच चुकतं असं मी म्हणणार नाही. गेटसमोर बाईक आडव्यातिडव्या लागतात हे खरंय, मी रोज बघतो. कोपऱ्यावरच्या टपरीत पुड्या मिळतात, शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डाच्या आत तंबाखू विकायला २००३च्या कायद्यानेच बंदी आहे, भिंत लाल झालीय ती काय उगाच नाही झाली. ती टपरी उठवली तर मी स्वतः मदत करतो. पण त्या टपरीसाठी आख्ख्या लाईनचं तोंड बंद करायचं?

अण्णांची लै आठवण आली आज. त्यांनी दुकान टाकलं तेव्हा सोलापूरला विद्यापीठच नव्हतं, सगळी कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली. मार्कलिस्टमध्ये नावाची स्पेलिंग चुकली तरी काम कोल्हापूरचं. पोरं रात्रीची एसटी धरायची, सकाळी तिथल्या खिडकीवर उभी राहायची, आणि एक झेरॉक्स कमी पडली तर कधीकधी तसंच परत यायची. म्हणून अण्णा निघायच्या आधी प्रत्येकाचा सेट मोजून द्यायचे, ओरिजिनल वेगळं, झेरॉक्स वेगळी, दोन जास्तीच्या, त्याचे पैसे नाही घ्यायचे. मग २००४च्या ऑगस्टमध्ये सोलापूर विद्यापीठ सुरू झालं, एका जिल्ह्यासाठीचं विद्यापीठ. त्या दिवशी अण्णांनी लाईनमधल्या सगळ्यांना पेढे वाटले होते. मी शाळेत होतो, मला कळलंच नव्हतं की झेरॉक्सवाला माणूस विद्यापीठ आलं म्हणून पेढे का वाटतोय. २०१९ला विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव लागलं तेव्हा अण्णा आजारी होते, तरी मला म्हणाले, आता फॉर्मवर नाव लांब झालंय, टायपिंग नीट बघून कर.

असं नातं होतं. आमच्या दुकानाचं पोट शिक्षणावर चाललं आणि त्याचा आम्हाला अभिमान होता, आजही आहे.

लोकांना वाटतं झेरॉक्सवाला म्हणजे बटण दाबणारा. अक्कलकोट, मंगळवेढा, कुठून कुठून पोरं येतात, घरात कॉलेजला जाणारं पहिलंच पोर. ऑनलाईन फॉर्म भरायचा म्हणजे ओटीपी वडलांच्या मोबाईलवर, वडील रानात, तिथे रेंज नाही. नॉन-क्रीमीलेअर कुठून काढायचं, व्हॅलिडिटीची पावती चालते का, गॅपचं ॲफिडेव्हिट किती रुपयांच्या स्टॅम्पवर, हे सगळं पोरं ऑफिसात विचारायला घाबरतात आणि माझ्या काउंटरवर विचारतात. खिडकीवरचा क्लार्क पण त्याच्या जागी बरोबर आहे, मागे शंभर जण उभे असतात. पण ते काम कुणीतरी करतंयच ना? रस्त्याच्या अलीकडे होतंय म्हणून ते संस्थेचं काम नाही असं कसं?

आणि बाइंडिंग. माझं सगळ्यात आवडतं काम. हार्ड बाइंडिंगला आधी पुठ्ठे कापायचे, काळं रेक्झिन खळ लावून ताणून चिकटवायचं, कोपरे हाडाच्या पट्टीने दाबायचे, रात्रभर वजनाखाली ठेवायचं. मग नाव. एकेक अक्षराचा खिळा उचलून पट्टीत उलटा लावायचा, गरम करायचा, सोनेरी फॉईल ठेवून दाबायचा. दाबायच्या आधी अण्णा पट्टी पोराच्या समोर धरायचे आणि म्हणायचे, नाव वाच, एकदा उमटलं की पुसता येत नाही. मी पण तेच करतो. मागे एका मुलीची आई सोबत आलेली, बीडी वळणारी बाई, बोटांची टोकं तंबाखूने पिवळी पडलेली. पोरीचं नाव सोनेरी अक्षरात उमटलं तर त्या बाईने त्यावरून बोट फिरवलं, मग मला विचारलं, हात लावला तर जातं का हो? म्हटलं नाही मावशी, नाही जात. पोरगी तिला ते नाव वाचून दाखवत होती, दोनदा दाखवलं.

त्या नावातलं एक अक्षर जरी इकडचं तिकडं झालं तर काय होतं ते टेंडरमध्ये लिहिलेलं नसतं.

बुधवार

मशीन दिवसभरात फक्त अकराशे कॉपी. परीक्षेच्या तोंडावर एवढं कमी कधीच नव्हतं.

दुपारी मावशींच्या गाड्यावर बसलो होतो. त्यांचं घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी. कोरोनानंतर त्यांनी फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी स्वनिधी योजनेतून दहा हजाराचं कर्ज घेतलं, मीच फॉर्म भरला होता, ते फेडलं, मग वीस हजाराचं घेतलं, गाडा नवीन केला. म्हटलं मावशी, फेरीवाल्यांसाठी २०१४चा कायदा आहे, असंच कोण उठवू शकत नाही, तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, शहराच्या फेरीवाला समितीत चाळीस टक्के तर तुमच्यातूनच निवडून आलेले लोक पाहिजेत, त्यात पण एक तृतीयांश बायका. मावशी ग्लास विसळत होत्या. म्हणाल्या, "मला कोण उठवलं नाही की बाळा. गिऱ्हाईक उठून गेलंय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्यात गाडा हटवायचा नियम आहे, दुकान पाडायचा नियम आहे, पण गेट त्यांचं आहे, ते कधीही बंद करू शकतात, त्याला ना नोटीस ना सुनावणी. कुणाला हात न लावता आख्खी लाईन बसते. हेच मला सगळ्यात जास्त टोचतंय. बंद करायच्या आधी एक माणूस रस्ता ओलांडून आला असता, म्हणाला असता की बाबांनो असं असं करायचंय, तुमचं काय म्हणणं, तर आम्ही बाईक लावायला माणूस ठेवला असता, बोर्ड एका रंगाचे केले असते, वेळा ठरवून घेतल्या असत्या.

काउंटरच्या काचेखाली अण्णांनी लावलेलं एक कात्रण आहे, आता पिवळं पडलंय. दिल्लीच्या रामेश्वरी फोटोकॉपीचं. दिल्ली विद्यापीठात, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये छोटंसं झेरॉक्स दुकान. पोरांना अभ्यासाला लावलेले चॅप्टर तिथे एकत्र करून मिळायचे म्हणून २०१२ला ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन मोठ्या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर कॉपीराईटचा दावा ठोकला. आम्ही तेव्हा लै घाबरलेलो, तिथे बंद झालं तर आपलं काय. पण तिथे काय झालं, विद्यार्थी दुकानाच्या बाजूने कोर्टात उतरले, मास्तर लोक उतरले, आणि विद्यापीठाने पण कोर्टात सांगितलं की हे शिकवण्यासाठी चाललंय आणि कायद्यात त्याला सूट आहे. २०१६च्या सप्टेंबरमध्ये हायकोर्टाने दावा फेटाळला, डिसेंबरमध्ये दोन न्यायाधीशांनी काही मुद्द्यांपुरता परत उघडला, आणि २०१७च्या मार्चमध्ये प्रकाशकांनीच तो मागे घेतला. अण्णा ते कात्रण प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवायचे. बघ, म्हणायचे, एवढं मोठं विद्यापीठ आणि एवढंसं दुकान एका बाजूला उभं राहिलं.

आज एका पोराने गेटच्या गजातून पेनड्राईव्ह दिला, मी दहा मिनिटांत स्पायरल करून गजातूनच परत दिलं. पोरगं म्हणालं, "काय बे दादा, जेलमध्ये डबा दिल्यासारखं वाटायलंय." मला हसू आलं नाही.

शनिवार

गेटला आतून पत्रा मारला. गजातून काही द्यायची सोय पण गेली. खाली चार बोटं फट राहिलीय.

काल आणि आज मिळून अर्ज तयार केला. मराठीत, एकच पान, कुठेही आरोप नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा गेट उघडा, आम्ही गेटसमोरची जागा मोकळी ठेवतो, सफाईची वर्गणी काढतो, तंबाखूची टपरी नको यात आम्ही तुमच्यासोबत आहोत, आणि आतल्या स्टोअरसोबत आम्हाला पण जगू द्या. चौदा जणांच्या सह्या, मावशींनी तेलुगूत केली, तीच राहू दिली. मेन गेटने चालत गेलो, घड्याळ लावून गेलो, अकरा मिनिटं लागली. आवक-जावकच्या टेबलावरच्या मॅडमनी अर्ज आख्खा वाचला, मग शिक्का मारला, आवक नंबर टाकून माझ्या कॉपीवर सही दिली. माझी कॉपी बघून म्हणाल्या, माझ्या पोराच्या प्रोजेक्टचं बाइंडिंग तुमच्याकडेच झालं होतं. साहेब सोमवारी येणार आहेत, टपालात सगळ्यात वर ठेवते म्हणाल्या.

आता रात्रीचे बारा वाजायला आलेत. तीन ब्लॅकबुक, म्हणजे काळ्या बाइंडिंगचे प्रोजेक्ट, वजनाखाली आहेत. चौथ्याचं नाव पट्टीत लावून ठेवलंय, दाबलं नाही. पोरगी सकाळी नऊला येणार आहे, मेन गेटने वळसा घालून येते म्हणाली. तिला आधी वाचायला देतो.