भाड्याची बॅटरी, भरवशाची बॅटरी : आमची वाटचाल

फलटणमध्ये १९९६ साली आम्ही दोघा भावांनी लग्नाच्या शूटिंगचं काम सुरू केलं, तेव्हा व्हीएचएस कॅसेटचा जमाना होता. पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेला खांद्यावरचा पॅनासॉनिक कॅमेरा, एक हॅलोजन दिवा आणि दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या एवढंच भांडवल. बॅटरी १२ व्होल्टची, २ अँपिअर-तासांच्या आसपास, हातात घेतली की वीट उचलल्यासारखं वाटे. मंडपात प्लगवर भागायचं, पण वरात निघाली की सगळी मदार त्या बॅटरीवर. तास-दीड तास चालली तरी भरून पावलो म्हणायचो.

आज आमचं मुख्य काम कॅमेरे भाड्याने देणं आणि बॅटऱ्या तपासणं हे आहे. शूटिंगच्या ऑर्डरी धाकटा भाऊ बघतो.

या वळणाला भारनियमन कारणीभूत ठरलं. २००५ नंतर आमच्या भागात दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. तोवर सोनीचा पीडी-१७० हा कॅमेरा घरोघरच्या लग्नांत पोचला होता आणि त्याच्या लिथियम बॅटऱ्या चांगल्या चालायच्या, पण त्या भरायच्या कुठे? वाड्या-वस्त्यांवरचे शूटिंगवाले संध्याकाळी आमच्याकडे येऊ लागले, कारण आमच्याकडे मोठा इन्व्हर्टर होता. रिकामी द्या, भरलेली न्या. त्यातूनच बॅटरी भाड्याने देण्याचा धंदा उभा राहिला.

तेव्हा लक्षात आलं, की लोक बॅटरी बदलतात पण सवयी जुन्याच ठेवतात. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडू द्यायची नसते, आत सल्फेट धरतं आणि ती मरते. त्यानंतरच्या निकेल-कॅडमियमचं उलटं. तिला अर्धवट वापरून पुन्हापुन्हा भरलं तर ‘मेमरी’ लागते, म्हणून ती अधूनमधून पूर्ण उतरवायला शिकवलं गेलं. लिथियमची तऱ्हा तिसरीच. ती पार रिकामी केलेलीही चालत नाही आणि महिनोन्महिने पूर्ण भरून ठेवलेलीही सोसत नाही. तरी आजसुद्धा तिशीतला मुलगा येऊन सांगतो, “दादा, मी बॅटरी झीरो केल्याशिवाय चार्जिंगला लावतच नाही.” त्याला हे त्याच्या उस्तादाने शिकवलेलं असतं आणि उस्तादाच्या काळात ते बरोबरच होतं. लग्नसराई संपली, की आम्ही सगळ्या बॅटऱ्या निम्म्यावर आणून दुकानातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवतो. ४० अंशांत पूर्ण भरून वर्षभर ठेवलेली लिथियम बॅटरी साधारण एक तृतीयांश क्षमता गमावते, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ४० अंश ही तर सुरुवात असते.

तपासणीचं टेबल माझी पत्नी सांभाळते. बॅटरी पूर्ण भरायची, लोड टेस्टरवर ठरावीक करंटने उतरवायची आणि प्रत्यक्षात किती मिलिअँपिअर-तास निघाले ते पांढऱ्या चिकटपट्टीवर तारखेसकट लिहायचं. छापील आकड्यावर आमचा विश्वास नाही. सोनीच्या एनपी-एफ५५० या मापाच्या बॅटरीत एकामागोमाग जोडलेले दोन सेल असतात. अशा जोडणीत व्होल्टेज वाढतं, मिलिअँपिअर-तास वाढत नाहीत. त्यातला १८६५० मापाचा गोल सेल चांगल्यातला चांगला घेतला तरी साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास थांबतो. तेव्हा त्या मापाच्या डुप्लिकेट बॅटरीवर पाच हजार छापलेलं दिसलं, की ती उघडायचीही गरज नसते. अशा बॅटऱ्या आम्ही विकत नाही. त्यापायी काही गिऱ्हाइकं गेली, जाऊ देत.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले आणि चित्र पडद्यावर दाखवणारे कॅमेरे आले आणि तक्रारींचा पूर आला. “भाऊ, बॅटरी पितो हा कॅमेरा, बदलू का?” कॅमेरा बदलायच्या आधी आम्ही त्यांना भागाकार करायला लावतो. सोनीच्या मिररलेसमधल्या एनपी-एफझेड१०० या बॅटरीत १६.४ वॉट-तास असतात. कॅमेरा ६ वॉट ओढत असेल, तर कागदावर पावणेतीन तास आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. मग विचारतो, त्यातलं रेकॉर्डिंग किती झालं? कार्ड बघितलं तर सव्वा तासाचं फुटेज. बाकीची बॅटरी गेली वाट बघण्यात. मिररलेसमध्ये रेकॉर्डिंग बंद असलं तरी सेन्सर आणि पडदा चालूच असतो. नवरदेव पारण्यावरून, म्हणजे देवदर्शनाच्या मिरवणुकीवरून, मांडवात यायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ शूटिंगवाला कॅमेरा चालू ठेवून उभा असतो. टेपच्या कॅमेऱ्याला सुरू होऊन टेप गुंडाळून घ्यायला वेळ लागायचा, मंगलाष्टका सुरू झाल्या तर पहिलं कडवं हुकायचं, म्हणून स्टँडबायवर ठेवणं समजण्यासारखं होतं. आताचा कॅमेरा दोनेक सेकंदांत तयार होतो. बंद करा. वाय-फाय, ब्लूटूथ लागत नसेल तर विमान मोड लावा. ट्रायपॉडवर असताना हाताची थरथर घालवणारा स्टॅबिलायझर बंद, पडद्याचा उजेड कमी, आणि दर विधीनंतर नवरीच्या मावशीला फुटेज दाखवत बसू नका.

वारीत हे सगळ्यात जास्त जाणवतं. लोणंदहून पालखी तरडगावकडे निघाली, की चांदोबाचा लिंब इथे माउलींचं पहिलं उभं रिंगण होतं. कॅमेरेवाले सकाळपासून जागा धरून असतात, अश्व मात्र काही मिनिटांत धावून जातो. तिथे प्लग नाही, गर्दीतून मागे फिरता येत नाही. म्हणून वारीसाठी आम्ही वेगळा संच करतो. डमी बॅटरीची केबल (बॅटरीच्या जागी बसणारा, बाहेरून वीज घेणारा ठोकळा) आणि एनपी-एफ९७० मापाची मोठी बॅटरी, म्हणजे सुमारे ४७ वॉट-तास, कमरेच्या पट्ट्याला. एलईडी लाइटला कॅमेऱ्याच्या बॅटरीतून वीज द्यायची नाही, त्याची बॅटरी वेगळी. विमानाने जाणाऱ्यांनाही हाच संच देतो, कारण १०० वॉट-तासांच्या आतली बॅटरी केबिनच्या बॅगेत नेता येते. सुट्ट्या बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात मात्र टाकू नका.

पालखी फलटणला मुक्कामी असते त्या रात्री आमचं दुकान उघडं असतं. कुठल्याही कंपनीची बॅटरी आणा, भरून देतो. त्या रात्रीचे पैसे घेत नाही. फुगलेली बॅटरी असेल तर चार्जरला लावून बघू नका, तशीच आणा. आम्ही ती वेगळी ठेवतो आणि अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे पाठवतो.