काठमांडू, सप्टेंबर २०२५ : पोखरा राहिलं, थामेल मात्र पाठ झालं

सप्टेंबर २०२५ च्या आंदोलनात आम्ही नेपाळमध्येच अडकलो होतो, त्यामुळे बऱ्याच जणांनी विचारलं की आता नेपाळला जावं का, बुकिंग करावं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. लांबलंय, आधीच सांगतो.

आम्ही चौघं, मी, बायको आणि सासू-सासरे. ६ सप्टेंबरला गणपती विसर्जन आणि ७ ला सकाळी पुण्याहून दिल्लीमार्गे काठमांडू, ५ रात्रींचा प्लॅन, २ काठमांडू (थामेल, म्हणजे पर्यटकांच्या हॉटेलांचा भाग) ३ पोखरा. आईचं म्हणणं होतं की पितृपक्ष लागतोय, त्यात ७ ला रात्री चंद्रग्रहण, अशा दिवसात कशाला निघताय. मी म्हटलं अगं म्हणूनच तर तिकीट स्वस्त मिळालंय. हे वाक्य पुढे आठवडाभर मला ऐकवलं गेलं.

पोचल्यावर पहिली गोष्ट म्हणजे हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप बंद. सरकारनी ४ तारखेला फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप धरून २६ अ‍ॅप बंद करायचा आदेश काढला होता, त्या कंपन्यांनी सरकारकडे नोंदणी केली नाही म्हणून. रिसेप्शनवरचा मुलगा म्हणे व्हायबर टाका, ते चालू आहे. मला वाटलं एवढंच असेल. संध्याकाळी हनुमान ढोक्याला (जुना राजवाडा) गेलो, इंद्रजात्रा चालू होती, आपली अनंत चतुर्दशी तोच त्यांचा मोठा दिवस हे मला तिथे कळलं. चौकात लिंगो म्हणजे उंचच्या उंच लाकडी खांब उभा केलेला, माणसांची ही गर्दी, कुठे काही होईल असं कोणाला वाटेल.

८ ला सोमवारी सकाळी पशुपतीनाथ छान झालं. तिथून पाटणला (काठमांडूला लागून असलेलं जुनं शहर) जायचं होतं तर टॅक्सीवाल्यानी न्यू बानेश्वरचा रस्ता टाळून रिंगरोडनी घेतली. संसद तिकडे आहे, बंदीच्या निषेधात पोरं जमलीयेत म्हणाला. वाटेत शाळेच्या युनिफॉर्ममधली मुलं पाठीला दप्तर लावून हातात पुठ्ठ्याचे बोर्ड घेऊन चाललेली दिसली, हसत खिदळत, सहलीला निघाल्यासारखी. दुपारी त्याच भागात गोळीबार झाला. त्या एका दिवसात १९ माणसं गेली. आम्ही पाटण अर्धवट टाकून ३ च्या आत हॉटेलवर परत. अ‍ॅपवरची बंदी रात्री उठवली पण तोवर प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

९ ला दुपारी २ ची पोखऱ्याची फ्लाइट होती. सकाळपासून कर्फ्यू. मॅनेजरला सगळे दाइ म्हणायचे (म्हणजे दादा, सासूबाईंना पहिला दिवस ते ऐकून फार हसू आलं, आपल्याकडे दाई म्हणजे वेगळीच), तर दाइ म्हणाले बाहेर पाय टाकायचा नाही. दुपारपर्यंत पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, विमानतळ बंद झाला, मग आम्ही गच्चीवर. तिथून धुराचे खांब मोजत होतो, हा सिंहदरबार (त्यांचं मंत्रालय), हा संसद भवन, जवळचा जो होता तो हिल्टन हॉटेलचा. गच्चीत वाळत घातलेल्या पांढऱ्या टॉवेलांवर काळी राख येऊन पडत होती, नखाएवढे तुकडे, हात लावला की भुगा. सासूबाईंनी न बोलता सगळे टॉवेल काढून घडी घालून आत नेले, दुसऱ्याच्या हॉटेलचे! रात्री सैन्यानी ताबा घेतला आणि मग जी शांतता झाली ती जास्त भीतीदायक वाटली.

पुढचे दोन दिवस हॉटेलात. मेनूकार्ड बंद, सगळ्यांना एकच डाळ-भात-बटाटा. पाहुण्यांनीच बटाटे सोलायला बसायचं. आमच्याकडे गणपतीतली खिरापत उरलेली होती ती एका डच जोडप्याला फार आवडली. १० ला खिडकीतून कालचीच पोरंपोरी झाडू घेऊन रस्ता साफ करताना दिसली.

आता कामाचं.

कागदपत्रं. भारतीयांना व्हिसा लागत नाही पण विमानानी जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार सर्वसाधारणपणे चालत नाही (१५ च्या खालच्या आणि ६५ च्या वरच्यांना सवलत आहे). तरी पासपोर्टच न्या. सासऱ्यांनी पासपोर्ट रिन्यू केला नव्हता म्हणून मतदार कार्ड आणलेलं. १२ ला विमानतळावर जाताना चौकीवर जवानानी ते हातात घेतलं आणि देवनागरीच असल्यामुळे मोठ्यानी वाचायला लागला, ‘भारत निव...डणूक... आयोग’. थांबला. ‘निवडणूक भनेको के हो?’ त्यांच्याकडे निर्वाचन म्हणतात. सासरे घाबरून इलेक्शन इलेक्शन म्हणत राहिले, तो हसला आणि सोडलं. पण त्या दोन मिनिटांत माझं बीपी काय झालं असेल ते मलाच माहीत.

तिकिटाची प्रिंट काढून ठेवा. कर्फ्यूत विमानतळावर जायला तिकीट आणि ओळखपत्र हाच पास होता. फोनची बॅटरी गेली की संपलं.

पैसे. यूपीआय तिकडच्या फोनपेच्या (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआरवर चालतं, पण दुकानच बंद तर क्यूआर कुठे चिकटवलाय ते बघून काय करणार. एटीएम बंद. आपल्या १०० च्या नोटांचं बंडल न्या, १०० ला १६० नेपाळी हा ठरलेला भाव आहे. आमच्या वेळी १०० च्या वरची आपली नोट अधिकृतपणे चालत नव्हती, जायच्या आधी आताचा नियम बघून घ्या. थोडे नेपाळी रुपये पहिल्याच दिवशी घेऊन बाजूला ठेवा, आम्हाला औषधाच्या दुकानात तेच कामी आले. आणि बीपी-शुगरच्या गोळ्या ट्रिपच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीच्या, हा मुद्दा मी चौकटीत घातला असता.

इन्शुरन्स घेताना दंगल, बंद, कर्फ्यू हे शब्द पॉलिसीत कुठे आहेत ते वाचा. आमच्या पॉलिसीत ते ‘लागू नाही’च्या यादीत होते. विकणाऱ्यानी सांगितलं नाही आणि मी वाचलं नाही, दोघंही सारखेच.

हॉटेल दूतावासापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलं तर बरं, आपला दूतावास लैनचौरला, थामेलला लागूनच. पोचल्या दिवशीच त्यांच्या साइटवरचे नंबर कागदावर लिहून घ्या. इकडे मेव्हण्यानी मंत्रालयातल्या आपत्ती विभागाला आमची नावं कळवली होती, त्यामुळे घरच्यांचा जीव तरी शांत राहिला.

आणि पळू नका. आमच्या हॉटेलातला एक ग्रुप ९ लाच भाड्याची जीप करून बॉर्डरला निघाला, तासाभरात परत आला, रस्त्यावर टायर जळत होते. १० ला संध्याकाळी विमानतळ उघडला, ११ ला दिल्लीच्या जादा फ्लाइट्स आल्या, आम्हाला १२ ची सीट मिळाली. परतीनंतर ऑफिसला एक-दोन दिवस मोकळे ठेवाच, मी ठेवले नव्हते.

१२ ला रात्री घरी पोचलो तेव्हा टीव्हीवर नव्या अंतरिम पंतप्रधान सुशीला कार्कींचा शपथविधी चालू होता. निवडणूक ५ मार्च २०२६ ला लावली. तिकडे निवडणूक असताना जाणार असाल तर मतदानाच्या दिवशी तिकडे खाजगी गाड्या बंद असतात आणि त्या सुमाराला बॉर्डरही बंद ठेवतात, म्हणजे रस्त्यानी जाणाऱ्यांनी तो आठवडा सोडूनच द्या. बाकी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्या सोसायटीतली दोन कुटुंबं मुक्तिनाथ करून आली, त्यांना काही त्रास झाला नाही, हॉटेलं उलट स्वस्त मिळाली.

पोखऱ्याच्या हॉटेलनी पैसे परत दिले नाहीत, खूप भांडलो, शेवटी तारीख बदलून दिली, मार्चअखेरपर्यंत वापरायची आहे. सासऱ्यांच्या पासपोर्टची अपॉइंटमेंट घेतलीये. मी १४ मार्च म्हणतोय, आई म्हणते १९ ला पाडवा आहे, तो झाल्यावर जा. या वेळी ऐकणार आहे.