स्पिरुलिना: हौदात पाच आठवड्यांत तयार, रिपोर्टात अडीच महिने अडकलेली

स्पिरुलिना, म्हणजे खाण्यासाठी हौदात वाढवतात ते निळं-हिरवं शेवाळ, वाढवणं अवघड नाही, ती सुकवणं अवघड आहे. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर अडीच महिने वाचले असते. प्रशिक्षणात तीन दिवस हौद, क्षार आणि पीएच यांवर गेले आणि सुकवण्याला मिळाला शेवटचा अर्धा तास: "सावलीत पसरा, कडक झालं की दळा." या एका वाक्यामुळे माझा माल प्रयोगशाळेत नापास झाला. म्हणून इथे हौदाबद्दल थोडंच लिहितो.

माझा हौद १० मीटर लांब, ३ मीटर रुंद, पाणी २० सेंटिमीटर, म्हणजे ६००० लिटर. खाण्याचा सोडा ४८ किलो, साधं मीठ ३० किलो, १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) बारा किलो, मॅग्नेशियम सल्फेट १.२ किलो, १२:६१:० (मोनो अमोनियम फॉस्फेट) सहाशे ग्रॅम, आणि सायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवलेलं थोडं फेरस सल्फेट. सोलापुरात डाळिंबवाल्यांमुळे ही खतं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, पण ती ठिबकसाठी असतात, खाण्यासाठी नाही. पोत्यामागे जड धातूंचं प्रमाणपत्र मागा. मिळालं नाही तर ते पोतं घेऊ नका, कारण शेवाळ शिसं आणि कॅडमियम शोषून घेतं. सोडा आणि मीठ फूड ग्रेडच हवं.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. सोडा टाकला की कॅल्शियम पांढरं होऊन तळाशी बसतं आणि सोबत फॉस्फेट व लोहही ओढून नेतं. मग सोडा-मीठ सगळं बरोबर असूनही शेवाळ पिवळं पडतं. म्हणून आधी पाण्यात फक्त सोडा घालून दोन दिवस निवळू द्यावं, वरचं नितळ पाणी हौदात घ्यावं आणि बाकीचे क्षार नंतर घालावेत. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडेपर्यंत एक दिवस हवा मारावी. बियाणं, म्हणजे जिवंत शेवाळाचं पाणी, एकदम ६००० लिटरमध्ये ओतू नका. १० लिटरचे ५०, ५० चे २५० असं पाचपटीने वाढवत न्या. पातळ कल्चर कडक उन्हात जळतं, त्यामुळे सुरुवातीला ५० टक्क्यांची हिरवी जाळी हवीच. मे महिन्यात तर ती काढूच नका. पाणी ४० अंशांच्या पुढे गेलं की तंतू तुटू लागतात.

पांढरी चकती पाण्यात बुडवून ती ३ सेंटिमीटरच्या आत दिसेनाशी झाली आणि पीएच १० च्या आसपास असला की काढणी सुरू करायची. काढणी पहाटे करावी. दिवसा साठवलेली कर्बोदकं रात्रभरात वापरली गेलेली असतात, त्यामुळे प्रथिनाचं प्रमाण जास्त मिळतं. गाळायला ५० मायक्रॉनचं नायलॉन लागतं, ते स्क्रीन प्रिंटिंगचं सामान विकणाऱ्याकडे मीटरवर मिळतं. एवढ्या हौदातून रोज साधारण १ किलो चक्का, म्हणजे गाळून उरलेला ओला गोळा, निघतो. सोऱ्यातून त्याच्या शेवया पाडून सुकवल्या की २०० ग्रॅम.

इथपर्यंत सगळं सुरळीत. राखीपौर्णिमेच्या आठवड्यात पहिला नमुना प्रयोगशाळेत दिला. रिपोर्ट १९ दिवसांनी आला आणि त्यात एकच ओळ कामाची: एकूण जिवाणूसंख्या मर्यादेबाहेर. का, ते कळायला काही मार्ग नाही, कारण अर्जावर ओलाव्याच्या चौकटीत खूणच नव्हती. काउंटरवर "पावडरला एवढं पुरतं" असं सांगून त्यांनी तीन चौकटी भरल्या होत्या. ओलावा तपासायला पुन्हा नवीन नमुना, नवीन पावती, नवी रांग. १९ दिवस थांबून हे ऐकताना जो संताप आला तो अजून गेलेला नाही. अर्ज स्वतः भरा. ओलावा, राख, एकूण जिवाणूसंख्या, यीस्ट व बुरशी, ई. कोलाय, साल्मोनेला, शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा हे सगळं लिहा. हौद उघडा असेल तर मायक्रोसिस्टिन हे विषही लिहा. ते स्पिरुलिना तयार करत नाही, पण हौदात शिरलेलं दुसरं निळं-हिरवं शेवाळ करू शकतं. नमुना २५० ग्रॅम द्या, एकट्या साल्मोनेलाच्या चाचणीलाच २५ ग्रॅम जातात.

दुसऱ्या रांगेची वाट न पाहता ओलावा घरीच मोजला, आणि हे प्रत्येकाने करावं. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा आणि घरचा ओव्हन एवढंच लागतं. १० ग्रॅम पावडर पसरट डबीत घालून १०५ अंशांवर ठेवायची, तीन तासांनी वजन करायचं, मग दर अर्ध्या तासाने, वजन उतरायचं थांबेपर्यंत. माझ्या १० ग्रॅमचे ८.६८ राहिले. म्हणजे ओलावा १३ टक्क्यांच्या वर. हवा होता १० च्या आत, आणि टिकायला ७ च्या आसपास.

हाताला तर शेवया कडक लागत होत्या. इथेच सगळे फसतात. सोऱ्यातून काढलेली शेवई बाहेरून लवकर सुकते, तिच्यावर कवच धरतं आणि आतलं पाणी कोंडतं. कडक भाकरी आणि वरून वाळलेली मऊ भाकरी यांत जो फरक, तोच इथे. कडक भाकरी मोडली की आरपार वाजते. शेवई तशी मोडली पाहिजे, आणि मोडलेली कड भिंगाखाली एकाच रंगाची दिसली पाहिजे. माझ्या शेवयांच्या मध्यभागी गडद ठिपका होता. सोऱ्याची चकती ३ मिलिमीटरची होती. ती बदलून दीड मिलिमीटरची घेतली.

दुसरं कारण हवा. एप्रिलमध्ये सोलापुरात कापडावर पसरलेल्या शेवया दुपारपर्यंत खणखणीत होतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच शेवया रात्रीपर्यंत रेंगाळतात, आणि ओल्या शेवाळात जिवाणू वाढायला तेवढा वेळ भरपूर झाला. शिवाय सुकलेला माल रात्रभर उघडा राहिला तर हवेतला ओलावा परत पितो. म्हणून सुकवणी खोका बनवला: आतून स्टीलचा पत्रा, नायलॉन जाळीचे ६० बाय ६० सेंटिमीटरचे ट्रे, १ किलोवॉटचा हीटर, एका बाजूने हवा आत आणि समोरच्या बाजूने पंख्याने बाहेर. २८ अंशांची ८० टक्के दमट हवा ५० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता साधारण २५ टक्क्यांवर येते. म्हणजे सप्टेंबरमध्येही खोक्यात आपला एप्रिल तयार होतो. पण ती हवा बाहेर गेली पाहिजे. बंद खोक्यात शेवया नुसत्या वाफाळतात.

किलोभर चक्का तीन ट्रेवर पसरायचा, जास्त थर नको. पहिला तास ४५ अंश आणि पंखा पूर्ण, म्हणजे कवच धरत नाही. मग ५५, आणि त्याच्या वर नाही. दर तासाला ट्रे वरखाली करायचे. थर्मोस्टॅटचा सेन्सर हीटरजवळ नको, ट्रेच्या उंचीवर हवा, नाहीतर आकडा एक आणि शेवयांचं तापमान दुसरंच. साधारण पाच तासांत काम होतं. काढणी आणि सुकवणी यांत दोन तासांपेक्षा जास्त वेळ गेला की चक्क्याला आंबूस वास येतो. तो माल पुढे नेऊच नका.

एवढं करूनही मनात शंका होती, म्हणून प्रयोगशाळेला दोन दिवसांच्या काढणीतून चार वेगळे नमुने दिले, प्रत्येकी १०० ग्रॅम. पहिला न धुता, खोक्यात सुकवलेला. दुसरा गच्चीवरच्या टाकीच्या पाण्याने धुतलेला, खोक्यात. तिसरा उकळून गार केलेल्या पाण्याने धुतलेला, खोक्यात. चौथा उकळलेल्याच पाण्याने धुतलेला, पण कापडावर सुकवलेला. १६ दिवसांनी निकाल आला: पहिला आणि तिसरा मर्यादेत, दुसरा बाहेर, चौथा सगळ्यात वाईट. म्हणजे दोषी दोघे होते, टाकीचं पाणी आणि संथ सुकवणी. हौद निर्दोष होता. पीएच १० च्या पाण्यात बहुतेक रोगजंतू तग धरत नाहीत, घाण शिरते ती काढणीनंतर. न धुतलेला नमुना जिवाणूंत पास झाला तरी तो रस्ता नको, त्यात सोडा राहतो, राख वाढते आणि चव साबणासारखी लागते. धुणंही झटपट उरकावं. गोड्या पाण्यात जास्त वेळ राहिलं की पेशी फुटतात. खाली निथळणाऱ्या पाण्याला निळी झाक आली की थांबायचं, तो तुमचा फायकोसायनिन, म्हणजे स्पिरुलिनातला निळा रंग, वाहून चाललेला असतो.

त्याच निळ्यावरून सुकवणीचीही परीक्षा होते. १ ग्रॅम पावडर १०० मिलिलिटर पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी गाळा. नितळ निळं पाणी आलं आणि ते उजेडात तिरकं धरल्यावर तांबूस चमकलं तर माल चांगला. मळकट हिरवट आलं तर तापमान जास्त झालं.

गाळायचं कापड रोज उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावं, हे वर राहिलं. दळताना मिक्सर गरम होतो, म्हणून दहा-दहा सेकंदच फिरवा. पावडर त्याच संध्याकाळी हवाबंद करा.

यानंतर पुन्हा एक नवा नमुना अर्ज स्वतः भरून दिला. दिवाळीच्या चार दिवस आधी रिपोर्ट आला: ओलावा ६.२ टक्के, बाकी सगळं मर्यादेत. तो कागद हातात घेतल्यावर पहिल्यांदा बरं वाटलं.

लेबल छापणाऱ्यांसाठी एक राहिलं. बी-१२ लिहू नका. स्पिरुलिनातलं बी-१२ बहुतांशी नकली रूपातलं असतं, माणसाच्या शरीराला ते उपयोगी पडत नाही. शाकाहारी माणूस त्या ओळीवर विश्वास ठेवून गोळी बंद करेल. प्रथिनांचा आकडाही स्वतःच्या मालाच्या रिपोर्टातलाच छापा.