बँकेवाचून किती दिवस?

बँकेत खाते नको, कार्ड नको, मोबाइलवरचे व्यवहार नकोत आणि जमल्यास वीजजोडणीही नको, असे जगणे सामान्य माणसाला शक्य आहे का, हा प्रश्न मला गेली काही वर्षे सतत पडत आला आहे. या व्यवस्थेचा उबग आलेली माणसे तो हिरिरीने विचारतात. ज्यांना या व्यवस्थेत कधी प्रवेशच मिळाला नाही, त्यांना मात्र तो विचारण्याची सोय नसते. जागतिक बँकेच्या २०२१ च्या पाहणीनुसार जगातील सुमारे १४० कोटी प्रौढांचे कोठेही खाते नव्हते. हे लोक बँकेवाचूनच जगतात, पण त्याची किंमत मोजून: घरातली रोकड चोरीला जाते, महागाईने झिजते, आणि अडीनडीला ज्या सावकाराचे दार ठोठवावे लागते, त्याचे व्याज बँकेच्या कितीतरी पट असते.

खाते असलेल्यांच्या बँकाच अचानक बंद झाल्या तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे आयर्लंड. १९७० च्या मे महिन्यात तेथील प्रमुख बँकांचे कामकाज कर्मचाऱ्यांशी झालेल्या वादामुळे बंद पडले आणि ते नोव्हेंबरपर्यंत सुरू झाले नाही. अर्थव्यवहार ठप्प होतील ही भीती होती. प्रत्यक्षात लोकांनी एकमेकांना चेक लिहून देणे चालू ठेवले. एखाद्याने दिलेला चेक दुकानदार घेई, त्याच्या पाठीवर सही करून तो आपल्या पुरवठादाराला देई आणि पुरवठादार आणखी कोणाला तरी. तो वटेल की नाही, हे बँका उघडेपर्यंत कोणालाच कळणार नव्हते. मग कोणाचा चेक घ्यावा, हे ठरवणार कोण? ते काम दुकानदारांनी आणि मद्यगृहांच्या मालकांनी केले. कोणाला नियमित काम आहे, कोण उधारी बुडवतो आणि कोण वेळेवर चुकती करतो, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या परिचयातून ठाऊक होते.

ही हकीकत बँकांची गरज नसल्याचा पुरावा म्हणून अनेकदा सांगितली जाते. मला तसे वाटत नाही. ते सगळे चेक बंद असलेल्या बँकांवरच काढलेले होते आणि त्या पुन्हा उघडतील, हे गृहीत धरूनच लोकांनी ते स्वीकारले होते. बँकेची तिजोरी आणि हिशेब कायम राहिले. काही महिन्यांपुरते हलले ते माणसाची पत जोखण्याचे काम, आणि ते ओळखीच्या माणसांकडे गेले. जिथे शेजाऱ्याचे नावही माहीत नसते, अशा वस्तीत हा प्रयोग किती दिवस टिकला असता, याची मला शंका आहे.

ओळखीचे वर्तुळ फार रुंदावले की काय होते, ते अर्जेंटिनात दिसले. तेथे १९९५ मध्ये काही शेजाऱ्यांनी वस्तू आणि श्रम यांच्या अदलाबदलीचा गट सुरू केला. पुढे २००१ च्या अखेरीस बँकांतून पैसे काढण्यावर कडक मर्यादा आल्यावर अशा गटांत लाखो लोक आले, आणि या गटांनी पैशाऐवजी वापरायला छापलेल्या कुपनांच्या नकला आणि बेसुमार छपाई यांमुळे अल्पावधीतच त्या व्यवस्थेवरचा विश्वास उडाला.

सोयींचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण तेथे विश्वासाऐवजी अंगमेहनत लागते. एक साधा हिशेब करून पाहावा. एका माणसाला पिणे, स्वयंपाक, अंघोळ आणि धुणे यांसाठी दिवसाला किमान ५० लिटर पाणी धरले, तर चौघांच्या घराला २०० लिटर, म्हणजे २०० किलो वजन झाले. पाणवठा २०० मीटरवर असेल आणि एका खेपेत दहा-दहा लिटरच्या दोन बादल्या आणता येत असतील, तर दहा खेपा आणि चार किलोमीटर चाल, त्यातली निम्मी भरल्या हातांनी. आणि हे रोज, आजारपणातही. ज्या घरांत पाण्याची सोय नाही, अशा जगातील दहापैकी सात घरांत हे काम बायका आणि मुली करतात. नळ नको म्हणणाऱ्याने बादली कोण उचलणार, हे आधी सांगावे, असा माझा आग्रह आहे. औषधांबाबत तर वादच नको: इन्सुलिनचा साठा २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावा लागतो, आणि तो घरी तयार करता येत नाही.

तेव्हा संपूर्ण स्वावलंबन सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही, हे मी मान्य करतो. मला हवे आहे ते वेगळे आहे: व्यवस्था चार दिवस किंवा चार आठवडे कोलमडली, तरी आपण तगून राहावे, आणि ती सुरळीत असतानाही तिला टाळण्याचा मार्ग आपल्याला खुला असावा. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली, तेव्हा अनेक ठिकाणी कार्डे निरुपयोगी ठरली आणि खिशात नोटा असलेल्यांनाच खरेदी करता आली. घरात थोडी रोकड, थोडे साठवलेले पाणी, विजेशिवाय चालणारी चूल आणि उधार देण्याइतपत ओळखणारा एखादा दुकानदार, एवढी तयारी बहुतेकांना जमण्यासारखी आहे. पण दुकानदारच रोख घेईनासे झाले, तर घरातल्या नोटांचा काय उपयोग? म्हणून नॉर्वेने १ ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहकाचा रोखीने पैसे देण्याचा हक्क कायद्याने अधिक बळकट केला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कार्ड आणि मोबाइल सर्रास वापरणाऱ्या देशाला हे करावेसे वाटले, तर इतर देशांच्या सरकारांकडेही हीच मागणी नेटाने करायला हवी, आणि ती रोख रकमेची सवय पुरती मोडण्याच्या आत करायला हवी.