तासांचा हिशेब

विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात परीक्षेच्या आधी नेहमीच गर्दी असते. त्या सकाळी एक वडील मुलाला जवळजवळ ओढतच घेऊन आले. मोबाईलमध्ये त्याच्या स्क्रीन टाइमचे स्क्रीनशॉट तयार होते. "मॅडम, रोज पाच-पाच तास गेम. व्यसनच आहे हे, तुम्ही तसं लिहून द्या."

वडिलांना बाहेर बसायला सांगून मी मुलाशी बोलले. तो टीममधून स्पर्धा खेळतो. इंटर्नल्स आल्या तेव्हा त्याने स्वतःहून एक स्पर्धा सोडली होती. झोप नीट, लेक्चरला हजेरी, मित्रही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' हे निदान आहे, पण त्यात तासांची मर्यादा दिलेली नाही. खेळण्यावर ताबा उरत नाही, खेळ बाकी सगळ्याच्या वर जाऊन बसतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही आणि त्यापायी अभ्यास, नाती, तब्येत कोलमडते. हे सगळं सर्वसाधारणपणे १२ महिने दिसावं लागतं. या मुलात यातलं काहीच नव्हतं. वडिलांना ते पुरतं पटलं नाही. पण मुलाच्या कपाळावर शिक्का मारायला मी तयार नव्हते.

दुपारी पदव्युत्तर वर्गातली एक मुलगी एकटीच आली. गेम कधीच खेळली नव्हती. "रील्स बघते. रात्री अ‍ॅप काढून टाकते, सकाळी परत घेते. मला थांबताच येत नाही, मॅडम." स्क्रीन टाइम सकाळच्या मुलापेक्षा कमीच होता. सोशल मीडियाच्या अतिवापराला आयसीडी-११ मध्ये वेगळं निदानही नाही. नुसते आकडे बघणाऱ्याने तिला 'जरा कमी कर' म्हणून परत पाठवलं असतं.

मी विचारलं, फोन नेमका कधी हातात घेतेस? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, प्रोजेक्टची फाईल उघडली की. आणि रात्री दिवा घालवल्यावर. पुढच्या रीलमध्ये काय निघेल हे माहीत नसतं, मधूनच एखादी खूप आवडते, म्हणून अंगठा सरकत राहतो. अ‍ॅपची रचनाच तशी आहे. पण तिला रील्सची फारशी मजाही येत नव्हती. "बघत असले की डोक्यात दुसरं काही येत नाही."

ते 'दुसरं काही' ऐकून मी पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासण्याची प्रश्नावली पुढे ठेवली. गेल्या दोन आठवड्यांतल्या मनःस्थितीबद्दल नऊ प्रश्न असतात. नववा प्रश्न मरण आलं तर बरं किंवा स्वतःला इजा करावी, अशा विचारांचा. तिथे तिने 'काही दिवस' वर खूण केली होती.

असं थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही भीती खोटी आहे. मी स्पष्ट विचारलं, आत्महत्येचा विचार येतो का, कसं करायचं हे ठरवलंयस का. विचार येत होते, योजना नव्हती. ती रडली आणि मग मोकळेपणाने बोलू लागली. पहिल्या सत्रात नापास झाल्याचं घरी कळवलेलंच नव्हतं.

त्या क्षणी मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती तिचा फोन कुणी हिसकावून घेण्याची. रात्री त्या विचारांपासून तिला लांब ठेवणारी तेवढी एकच गोष्ट तिच्याजवळ होती, मग ती कितीही वाईट असो. शिवाय मदतीसाठी फोन लावायचा तोही त्याच मोबाईलवरून.

तिच्या संमतीने त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. रात्र जड गेली तर कुणाला फोन करायचा, हे आम्ही दोघींनी मिळून कागदावर लिहिलं; पहिलं नाव मोठ्या बहिणीचं. बहिणीला तिने माझ्यासमोरच फोन लावला, आणि बहीण संध्याकाळच्या गाडीने निघाली. रील्सचा विषय आम्ही पुढच्या भेटीवर ठेवला.