बाकाच्या मधला दांडा

बागेतल्या काही बाकांच्या बरोबर मध्यभागी एक लोखंडी दांडा असतो. दिसायला हात टेकायची सोय. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्याचा आधार घेऊन उठता येतं, हेही खरं. पण आडव्या झालेल्या माणसाची कंबर जिथे यायची नेमका तिथेच तो ठोकलेला असला, की त्याचं दुसरं काम लक्षात येतं. बसा, पण पसरू नका. सूचनाफलक लावून लिहायची कुणाला लाज वाटली असती, ते दांडा न बोलता सांगून टाकतो.

सर्वांसाठी खुली जागा म्हटलं की पाटी काहीही म्हणो, मी आधी बसायला काय आहे ते बघतो.

न्यूयॉर्कमध्ये १९७०च्या दशकात शहरी जीवनाचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी चौकाचौकांत कॅमेरे लावून माणसं कुठे रेंगाळतात याचा अभ्यास केला. निष्कर्ष ऐकून हसू येईल: जिथे बसायला जागा असते, तिथे माणसं बसतात! त्यांनी टिपलेली आणखी एक गोष्ट मात्र मला फार आवडते. खुर्ची सुटी असली, की माणूस बसण्याआधी ती जराशी सरकवतो. ऊन नाही, सावली नाही, कारण काहीच नाही. कधीकधी तर ती फिरून जवळपास होती तिथेच येते. तेवढ्या सरकवण्यात ती खुर्ची घटकाभर त्याची होऊन जाते. तिथलं ब्रायंट पार्क एकेकाळी अमली पदार्थांच्या धंद्यासाठी बदनाम होतं. १९९२ साली ते नव्याने उघडलं तेव्हा तिथे अशाच सुट्या खुर्च्या ठेवल्या, साखळीने न बांधता.

संग्रहालयांचं जरा अवघड आहे. बागेत चप्पल फटफटवत शिरणारा माणूस संग्रहालयाच्या पायऱ्यांपाशी सदरा नीट करतो. ही धास्ती जुनी आहे. ब्रिटिश म्युझियम १७५९ साली उघडलं, प्रवेश फुकट. पण आत जायचं तर आधी द्वारपालाकडे नाव, हुद्दा आणि पत्ता नोंदवायचा, वरिष्ठांनी तो पाहायचा, मग तिकीट मिळायचं. हुद्दाच नसलेल्याने काय लिहायचं? आता ती वही गेली, पण काही ठिकाणी सुरक्षारक्षकाच्या नजरेत अजून शिल्लक आहे. दालनात मूल जरा मोठ्याने बोललं, की त्याच्या आईची मान आधी त्या रक्षकाकडे वळते. रॅम्प हवा, पाणी हवं, स्वच्छतागृह हवं, हे सगळं आलंच. पण त्या आईला चोरट्यासारखं वाटू नये यासाठी रॅम्प पुरत नाही.

मग काय पुरतं? केपटाऊनमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची मिश्र वस्ती होती. १९६६ साली ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि साठ हजारांहून अधिक माणसांना उठवलं. आज तिथल्या संग्रहालयात जमिनीवर त्या वस्तीचा मोठा नकाशा पसरलेला आहे. जुन्या रहिवाशांनी आपापली घरं कुठे होती ते त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं. एरवी संग्रहालयात पेन उघडलं तरी कुणीतरी धावत येईल.

आणि वॉशिंग्टनमधलं अनाकोस्टिया! १९६७ साली स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या मोठमोठी संग्रहालयं चालवणाऱ्या संस्थेने तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीत, एका जुन्या चित्रपटगृहात छोटंसं संग्रहालय काढलं. वस्तीला उंदरांनी हैराण केलं होतं. तेव्हा १९६९ साली तिथे प्रदर्शन भरलं ते उंदरांवरच, चक्क जिवंत उंदीर ठेवून. जाणकारांनी नाकं मुरडली असती तरी वस्तीला काय त्याचं! राजाच्या तलवारीपुढे गप्प उभा राहणारा माणूस उंदराबद्दल मात्र तज्ज्ञाच्या थाटात बोलू शकतो. त्याचा अनुभव दांडगा असतो.