अकरा जम्बो

२१ एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. दुपारी नाशिकच्या पालिका रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळून पुरवठा खंडित झाला, २२ रुग्ण दगावले. संध्याकाळपर्यंत आमच्या जिन्यात बसलेल्या प्रत्येक नातेवाइकाच्या मोबाइलवर ती बातमी होती. मी तेव्हा नगर जिल्ह्यातल्या एका खासगी हॉस्पिटलचा प्रशासक होतो.

रात्री नऊला स्टोअरमध्ये गेलो. भरलेले जम्बो, म्हणजे ऑक्सिजनचे मोठे सिलिंडर, फक्त अकरा. एका जम्बोत साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन. वर ३८ पेशंट, सरासरी मिनिटाला दहा लिटर धरले तरी एक जम्बो १८ मिनिटांत संपतो. म्हणजे जेमतेम बारा-सव्वाबारापर्यंत. रिफिलिंगला गेलेली गाडी रांगेत अडकलेली, ड्रायव्हरचा फोन लागत नव्हता. डॉक्टरांना खरा आकडा सांगितला. त्यांनी एकेका बेडपाशी जाऊन, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, बघून, जमेल तिथे फ्लो कमी केला. बाकी सगळ्यांना मी एकच शब्द सांगत होतो, "आहे." जिन्यातल्या लोकांना, सिस्टरांना, वॉर्डबॉय मामांनाही. मामा मॅनिफोल्डपाशी, म्हणजे जिथे सिलिंडर वॉर्डाच्या पाइपलाइनला जोडतात तिथे, पाना धरून उभे होते. गेजचा काटा उतरला की नवा सिलिंडर जोडायचा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, विचारलं काही नाही. त्यांना सिलिंडर मोजता येत होते.

साडेदहाला साडूंचा फोन आला. "बाबांचं सॅच्युरेशन ८४ वर आलंय. तुमच्याकडे घेऊन येतो. गाडीत बसवलंय."

दोन बेड रिकामे होते.

"आणू नका. दुसरीकडे बघा, लगेच," एवढंच म्हणालो. कारण सांगितलं असतं तर पाच मिनिटांत गावभर झालं असतं आणि नातेवाइकांनी पेशंट उचलून रस्त्यावर नेले असते. पलीकडे क्षणभर शांतता. मग फोन बंद.

अकरा पन्नासला गाडी आली. दहावा सिलिंडर चालू होता. चाळीसच्या जागी वीसच मिळाले होते. ते उतरवायला मीही हात लावला. हात थरथरत होते, ते लपवायलाही बरं पडलं. पहाटे दुसऱ्या दिवसाची मागणी लिहिली, आजारी पडलेल्या तीन सिस्टरांच्या जागी ड्युट्या लावल्या. त्या महिन्यात मी किती झोपलो, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी "ठीक आहे" असंच म्हणालो असतो.

साडूंच्या वडिलांना पहाटे दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये जागा मिळाली. ते वाचले. साडू लग्नकार्यात भेटतात, तब्येत विचारतात, जेवायला शेजारी बसत नाहीत. अकराचा आकडा मी त्यांना अजून सांगितलेला नाही.